दुसऱ्यांदा चालवून बघ

देगलूर, जि. नांदेड

चि. छोटीस,


तुझं पत्र आणि सोबतचा पॅच, दोन्ही सावकाश वाचले. नोकरी सांभाळून, रात्री जागून तू ई-टू-एफएसचेकसारख्या साधनात हात घातलास, याचा मला फार आनंद आहे. लिनक्सवरची ईएक्सटी-फोर फाइलसिस्टीम जिथं जिथं आहे तिथं ती तपासून दुरुस्त करणारं हे साधन आहे. कितीतरी अँड्रॉइड फोन चालू होताना तेच आत गुपचूप फिरून येतं. इतक्या लोकांच्या खाली असलेल्या कोडमध्ये आपल्या घरची मुलगी काम करते, ही लहान गोष्ट नाही.

पण माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणारी एखादी बिघडलेली डिस्क घेऊन त्यावर हा पॅच चालवून बघ, असं तू लिहिलंस, ते मी करणार नाही. का, ते सविस्तर सांगतो. या कामात तुला मुरायचं असेल तर ते आत्ताच नीट कळलेलं बरं.

गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर चुकलं तर बंद करून पुन्हा लावता येतं. फाइलसिस्टीम दुरुस्त करणारं साधन चुकतं तेव्हा ते डिस्कवर लिहून मोकळं झालेलं असतं. ते आधीच मोडलेल्या गोष्टीवर लिहितं, आणि समोरच्या माणसाकडं बहुतेक वेळा दुसरी प्रत नसते. माझ्याकडं येणारी माणसं तुला ठाऊक आहेत. स्टुडिओवाले लग्नाचे फोटो घेऊन येतात, पतसंस्थेचा कारकून खात्यांची डिस्क पिशवीत गुंडाळून आणतो, मदनूर नाहीतर औरादकडून कुणी मुलाच्या प्रकल्पाचं काम वाचवा म्हणून येतो. त्यांना फाइलसिस्टीम शुद्ध झाली की नाही याच्याशी कर्तव्य नसतं. त्यांना आपल्या वस्तू परत हव्या असतात.

मागच्या लग्नसराईत एका फोटोग्राफरनं एक्स्टर्नल डिस्क आणली. आतून टकटक आवाज येत होता, म्हणजे यांत्रिक बिघाड उघड होता. तरी माझ्याकडं येण्याआधी कुणीतरी तिच्यावर चेकडिस्क ‘एफ’ लावून चालवलं होतं. डिस्क उघडली तर ‘फाउंड.०००’ नावाचा फोल्डर, आणि आत ‘फाइल००००.सीएचके’, ‘फाइल०००१.सीएचके’ अशी रांगच रांग. विंडोजच्या लेखी डिस्क निर्दोष होती. हळद कुठली, वरात कुठली, कुणाच्या घरची, काही कळायला मार्ग नव्हता, आणि त्यातल्या बऱ्याच फायली अर्ध्याच निघाल्या. साधनानं आपलं काम चोख केलं होतं. ते मरत्या डिस्कवर करायचं काम नव्हतं, एवढंच.

म्हणून दुकानात आधी डीडीरेस्क्यूनं पूर्ण डिस्कची प्रत निघते. ते साधन सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडणारा भाग मागं ठेवतं आणि काय वाचलं, काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये करत जातं. मधेच लाइट गेली तरी तिथूनच पुढं सुरू करता येतं. मग मूळ डिस्क कपाटात जाते आणि दुरुस्ती प्रतीच्या प्रतीवर होते. माहितीतल्या, वर्षानुवर्षं वापरलेल्या साधनालाही मी याहून मोकळीक देत नाही, तर नव्या पॅचला कशी देऊ?

तुला हवी ती बिघडलेली डिस्क तूच तयार कर. चौसष्ट एमबीची रिकामी फाइल घे, तिच्यात फाइलसिस्टीम बनव, चार फोल्डर आणि काही फायली टाक, अनमाउंट कर, आणि ती डीबगएफएस या साधनात लिहिण्याच्या परवानगीनं उघडून एकाच ठिकाणी मोड. एकाच. दोन ठिकाणी मोडलंस तर कुठल्या जखमेवर कुठला उपाय लागू पडला ते तुलाच कळणार नाही. दोन बिघाड एकत्र आले तर काय होतं ते बघायचंच, पण ती वेगळी चाचणी.

तू जिथं काम केलंस तो भाग मला फार मोलाचा वाटतो. दोन फायली एकच ब्लॉक आपला म्हणून सांगतात, तो प्रसंग. आपल्याकडं जमिनीच्या एकाच गटावर दोघांची नावं चढली की जो घोळ होतो तसाच हा. ई-टू-एफएसचेक तिथं विचारून त्या ब्लॉकची प्रत काढतं आणि दोघांना एकेक देतं. हिशेब जुळतो, तक्रार मिटते. पण तो ब्लॉक मुळात एकाचाच होता, म्हणजे दुसऱ्याच्या फाइलमध्ये आता परक्याचा मजकूर बसला आहे. साधनाला ते कळूच शकत नाही, कारण ते फक्त नोंदी तपासतं, मजकूर नाही. तेव्हा प्रत्येक फाइलच्या मजकुराचा शा-२५६ ठसा बिघाडाआधी काढून ठेव, दुरुस्तीनंतर पुन्हा काढ आणि ज्या फायलींना तू हात लावायला नको होता त्या जशाच्या तशा आहेत का ते बघ. पॅचनं काय दुरुस्त केलं ते तू आनंदानं बघशीलच. त्यानं शेजारचं काय हलवलं ते मुद्दाम शोधावं लागतं.

आता चाचणीच्या फोल्डरकडं ये. हे साधन ज्यात येतं त्या ई-टू-एफएसप्रोग्जच्या कोडमध्ये ‘एफ’नं सुरू होणारी शेकडो फोल्डरं आहेत. प्रत्येकात एक बिघाड जपून ठेवलेला आहे. जीझिप केलेली लहानशी इमेज, बिघाडाचं नाव, आणि ‘एक्स्पेक्ट.१’ व ‘एक्स्पेक्ट.२’ अशा दोन फायली. पहिलीत पहिल्या फेरीचं अपेक्षित उत्तर असतं. कुठली तक्रार यावी, कुठला प्रश्न यावा, आणि शेवटी एक्झिट स्टेटस १, म्हणजे चुका सापडल्या व दुरुस्त झाल्या. मग तीच इमेज तशीच दुसऱ्यांदा तपासली जाते. दुसऱ्या फाइलमध्ये इनोड (म्हणजे फायलींच्या नोंदी), फोल्डरांची रचना, फोल्डरांची जोडणी, लिंकांची मोजणी आणि गटांचा गोषवारा, हे पाचही पास एकही तक्रार न करता पार पडलेले दिसले पाहिजेत आणि स्टेटस ० आला पाहिजे. या दुसऱ्या फाइलवर माझा फार जीव आहे. दुसऱ्या फेरीत एक ओळ जरी जास्तीची आली, तरी पहिल्या फेरीतली दुरुस्ती अपुरी होती. तू मला फक्त पहिल्या फेरीचं उत्तर पाठवलंस.

आणि ही चाचणी पॅच काढून जुन्या बायनरीवरही चालव. तिथं ती नापास झालीच पाहिजे. दोन्हीकडं पास होणारी चाचणी काही सिद्ध करत नाही, पण ती फोल्डरात पडली की पुढची दहा वर्षं सगळ्यांना वाटत राहतं की हा कोपरा तपासलेला आहे. एक केबी आणि चार केबीचे ब्लॉक, ६४-बिट, बिगअलॉक हे सगळं बघशीलच, त्यात तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुरुस्तीनंच बिघडवलं असं होतच नाही, मामा उगाच घाबरवतो, असं म्हणू नकोस. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हर्यादी गुनावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एसक्यूसीके नावाचा शोधनिबंध मांडला. ई-टू-एफएसचेकच्या काही दुरुस्त्या चुकीच्या ठरतात आणि एखादी तर फाइलसिस्टीम आणखी बिघडवते, हे त्यांनी दाखवून दिलं. ते साधन तेव्हाही चांगल्या, अनुभवी हातांत होतं.

त्याहून जवळचा वाटावा असा अभ्यास २०१८ च्या फास्ट परिषदेत आला. टेक्सासमधल्या एका मोठ्या संगणन केंद्रात वीज गेली. यंत्रं पुन्हा सुरू झाल्यावर लस्टर फाइलसिस्टीमची तपासणी चालू झाली आणि ती चालू असतानाच वीज दुसऱ्यांदा गेली. मोठा डेटा हातचा गेला. त्यावरून संशोधकांनी प्रश्न घेतला की दुरुस्ती अर्ध्यात तुटली आणि नंतर तेच साधन पुन्हा पहिल्यापासून चालवलं, तर फाइलसिस्टीम ठीक होते का? उत्तर असं निघालं की नेहमी होत नाही. कधी अर्धवट दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा वाईट ठरते. ई-टू-एफएसचेकची जी ‘अनडू’ सोय आहे तिच्यातही फट निघाली, कारण जुनी नोंद आधी डिस्कवर पक्की पोचेल आणि मगच नवं लिहिलं जाईल, असा क्रम पाळला जात नव्हता.

देगलूरमध्ये बसून हे वाचताना अंगावर काटा येतो. पहिल्यांदा लाइट जाते म्हणूनच तर फाइलसिस्टीम बिघडते. वारं सुटलं किंवा उन्हाळ्यात भार वाढला की जाते, येते, पुन्हा जाते. पहिल्या येण्यात संगणक सुरू होऊन तपासणीला लागतो आणि दुसरं जाणं नेमकं त्या तपासणीच्या मधे येतं. तुमच्या ऑफिसात जनरेटर आहे, म्हणून तुला ही स्थिती दुर्मीळ वाटेल. इथं ती नेहमीची आहे. तुझ्या पॅचमध्ये आधी ब्लॉकची नवी प्रत लिहिली जाते, मग इनोड बदलतो, मग मोजणी. या प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मधे वीज गेली असं धरून बघ. हातानं नको, डीएम-लॉग-राइट्स वापर. ते प्रत्येक लेखनाची क्रमवार नोंद ठेवतं. मग पहिल्या लेखनापर्यंतची इमेज, दुसऱ्यापर्यंतची, तिसऱ्यापर्यंतची, अशी एकेक तयार करून प्रत्येकीवर साधन पुन्हा चालव आणि शेवटी फायलींचे शा-२५६ जुळव. लहान इमेजवर ही लेखनं फार नसतात. एका रात्रीत स्क्रिप्ट सगळं करून ठेवील.

आता ज्या एका ओळीवर माझा ठाम आक्षेप आहे, ती. नव्या तक्रारीपुढं तू ‘प्रीन-ओके’ लिहून ठेवलंस. म्हणजे संगणक चालू होताना कुणालाही न विचारता साधन हा बदल करून टाकणार. प्रीन ही सोय निर्धोक कामांसाठी आहे. शंकेची गोष्ट आली की साधन थांबतं आणि हातानं तपासणी करा असा संदेश देतं. गावातल्या शाळेत सकाळी तो संदेश दिसला की शिपाई गोंधळतो, मास्तर वैतागतात आणि यंत्र माझ्याकडं येतं. त्रास होतो, कबूल. पण तेवढ्या त्रासामुळं कुणीतरी आधी प्रत काढतं. दोन फायलींच्या भांडणात निकाल देणं हे विचारल्याशिवाय करायचं काम नव्हे. तो शब्द काढून टाक.

नावांचंही बघ. तुझ्या इमेजमधल्या सगळ्या फायली ‘फाइल१’, ‘फाइल२’ अशा इंग्रजी अक्षरांत आहेत. माझ्याकडच्या डिस्कांवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी चारही भाषांतली नावं सापडतात. फाइलच्या नावाला जागा २५५ बाइटची, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह त्यातले तीन बाइट खातं. ‘लग्न’ एवढं लिहिलं की बारा बाइट गेले, कारण हलन्ताचंही वेगळं चिन्ह मोजलं जातं. म्हणजे सगळं मिळून ८५ चिन्हांत नाव संपतं, आणि आपले लोक वधू-वरांची नावं, गाव, तारीख सगळं नावातच लिहितात. काठोकाठ भरलेलं मराठी नाव आणि तेवढंच लांब तेलुगू नाव एका फोल्डरात ठेवून चाचणी कर. तक्रारीच्या ओळीत साधन अशी नावं ‘एम-’च्या तुकड्यांत छापतं, ती कुणाला वाचता येत नाहीत. म्हणून तुझ्या संदेशात इनोडचा आकडा असायलाच हवा. तेवढ्यावरून मला डीबगएफएसमध्ये फाइल शोधता येते.

राहिला प्रश्न खऱ्या डिस्कवरच्या बिघाडाचा, कारण खरा बिघाड आपण घडवलेल्यापेक्षा वेडावाकडा असतो, हे तुझं म्हणणं रास्त आहे. त्यासाठी ई-टू-इमेज आहे. ते फाइलसिस्टीमच्या फक्त नोंदी उचलतं, फायलींचा मजकूर घेत नाही. पण फोल्डरांतली नावं त्यातही येतात, आणि नावांवरूनच कुणाच्या घरात काय चाललंय ते कळतं. दवाखान्याच्या डिस्कवर तर नाव हीच माहिती असते. नावं विस्कटून टाकणारा ‘एस’ पर्याय त्यात आहे. गिऱ्हाइकाला समजावून, त्यानं हो म्हटलं तरच, नावं विस्कटलेली अशी इमेज मी तुला पाठवीन. त्याची डिस्क मात्र त्याचीच राहील.

पॅच पाठवायला आठवडाभर उशीर झाला तर कुणाचं काही अडत नाही. प्रीन-ओके काढ, वीज मधे गेल्याची चाचणी लिही, आणि पॅचच्या वर्णनात काय तपासलं यासोबत काय तपासलेलं नाही तेही स्वच्छ लिही. पुढं हा कोड हातात घेणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. मग ‘एक्स्पेक्ट’च्या दोन्ही फायली मला पाठव, मी ओळ न ओळ वाचीन. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा