परवाही फुस्स झालं होतं

आमच्या प्रयोगशाळेतले मामा वराळ्याहून सायकलीवर यायचे आणि आम्हा सगळ्यांच्या आधी हजर असायचे. कॉलेजचं नाव मी घेत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही कॉलेजात घडू शकतं.

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षेचे दिवस होते. एका टेबलावर पितळेचं विश्लेषण, म्हणजे तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवायचा. पलीकडच्या टेबलावर अल्कोहोल वापरून स्फटिकीकरण. दोन्हीकडचं उरलंसुरलं अडीच लिटरच्या एकाच तपकिरी बाटलीत ओतलं गेलं आणि कुणीतरी झाकण गच्च लावलं. ही जोडी फसवी असते. बराच वेळ काहीच होत नाही, मग मिश्रण तापतं आणि वायू सुटायला लागतो. परीक्षा संपल्यावर मामा बाटल्या उचलायला गेले, तेव्हा ती तपकिरी बाटली फुटली. लालसर धूर, फरशीभर काचा, आणि उजवा डोळा दाबून खाली बसलेले मामा.

डोळे धुवायच्या नळाची तोटी फिरवली तर गंजाचं पाणी आलं. तो नळ कित्येक महिन्यांत कुणी उघडलाच नव्हता. शेवटी बेसिनला रबरी नळी जोडली आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं डोळ्यावर पाणी धरलं, मगच रिक्षा बोलावली. डोळा वाचला.

दवाखान्यात मामा हळूच म्हणाले, “मॅडम, परवाबी झाकण उघडताना फुस्स झालं होतं.”

“मग सांगितलं का नाही, मामा?”

“मागच्या साली ब्युरेट फुटल्याचं सांगितलं, तर पैसे माझ्याच नावावर लागले.”

त्या ब्रेकेजच्या रजिस्टरवर सही माझी होती. चूक बाटलीत आम्ल ओतणाऱ्याची होतीच, पण बोलणाऱ्याला भुर्दंड बसतो हे आमच्या प्रयोगशाळेत मीच शिकवलं होतं. ब्रेकेजच्या भीतीने मुलं फुटलेला थर्मामीटर बेसिनखाली ढकलतात, पारा तिथेच राहतो, हे आपण सगळे जाणतो आणि तरी वर्षानुवर्षं दंड लावत राहतो.

कळूनही वेळेत हालचाल न होणं मोठ्या ठिकाणीही घडतं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी हवा लागताच पेटणाऱ्या रसायनामुळे एका २३ वर्षांच्या संशोधन सहायिकेच्या स्वेटरने पेट घेतला. अंगात एप्रन नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. त्या प्रयोगशाळेत एप्रन घातले जात नाहीत, ही नोंद दोन महिने आधीच्या तपासणीत झालेली होती. बरोबर वर्षाने, २९ डिसेंबर २००९ ला, आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक दगावले. पीएच.डी. करायला घरून निघालेली मुलं ती.

म्हणून माझ्या क्षेत्रातल्या मंडळींना कळकळीने सांगते: फुटतुटीचा हिशेब आणि अपघाताची नोंद यांची गाठ तोडा. “होता होता टळलं” असं जे जे काही असेल, त्यासाठी दाराशी वेगळी वही टांगा, आणि तीत लिहिणाऱ्याला दंड नाही हे प्राचार्यांच्या सहीने पहिल्या पानावर छापा. नायट्रिक आम्लाच्या टाकाऊ बाटलीत दुसरं काहीही जाऊ देऊ नका. बाटलीवर आत काय आहे ते आणि तारीख लिहा, ती काठोकाठ भरू नका, झाकण वायू निघेल असंच हवं. फ्यूम हूडमधली जुनी खोकी आजच हलवा. आणि विभागप्रमुखांनी चष्मा लावल्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल टाकू नये. मुलं फलक वाचत नाहीत, आपल्याकडे बघतात.

आमच्या वहीतली पहिली नोंद मी माझ्याविरुद्ध केली. दुसरी मामांची, वाकड्यातिकड्या अक्षरात: “खिडकीजवळच्या गॅसच्या नळीला चीर हाय.” नळी त्याच दुपारी बदलली.

आता दर सोमवारी मामा डोळ्यांच्या नळाचं पाणी नितळ येईपर्यंत सोडतात आणि शेजारच्या भिंतीवर खडूने तारीख घालतात.