मृत्युवाचक क्रियापदे आणि अश्वशोक

इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमकाठच्या युद्धानंतर अलेक्झांडरच्या ब्युसेफॅलस या घोड्याचा अंत झाला. तो जखमांनी की वार्धक्याने, याविषयी प्राचीन लेखकांत मतभेद आहेत. एरियन त्याचे वय सुमारे ३० सांगतो. शोकाविषयी मात्र प्लूटार्क निःसंदिग्ध आहे: अलेक्झांडरला जिवलग सोबती गमावल्याचे दुःख झाले आणि त्याने नदीकाठी घोड्याच्या नावाने नगर वसवले.

हा शोक मराठीत कोणत्या क्रियापदाने मांडावा? ‘घोडा मेला’ हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष. पण त्यात स्वार कोठेच दिसत नाही. ‘दगावला’ म्हणताच पशुधनाची हानी मोजली जाते. वृत्तपत्रे गुरांसाठी हाच शब्द वापरतात. ‘वारला’, ‘निवर्तला’ ही माणसांची क्रियापदे. घोड्याला लावल्यास ऐकणारा हसेल, आणि शोकाकुलाला तेच सोसवत नाही. उरते ‘गेला’. संदर्भाविना ‘घोडा गेला’ म्हणजे विकला गेला असेही वाटेल. ‘आमचा ब्युसेफॅलस गेला’ असे नाव घेऊन म्हटले की ती शंका सहसा उरत नाही.

स्वाध्याय : आपल्या घरच्या एखाद्या जनावराच्या मृत्यूविषयी तीन वाक्ये लिहा. क्रियापदाची निवड स्पष्ट करा.