वाळपईला गेल्यावर काय करावं? : एक अभ्यासटिपण

वाङ्मय मंडळाच्या क्षेत्रभेटीसाठी ठिकाण सुचवा असं सांगितलं तेव्हा मी वाळपईचं नाव दिलं. लगेच दोन प्रतिक्रिया आल्या. एक, "तिथे काय आहे?" आणि दुसरी, "धबधबे! चला!" हे टिपण दोन्ही गटांसाठी आहे. पण आधीच सांगते, धबधब्यांना यात फार जागा मिळणार नाही.

आधी थोडा भूगोल. वाळपई हे सत्तरी तालुक्याचं मुख्य ठिकाण. सत्तर गावांची म्हणून सत्तरी, असं नावाचं मूळ सांगतात. पूर्वेला सह्याद्री, आणि डोंगरउतारावरच्या रानाचा मोठा भाग 1999 पासून म्हादई अभयारण्यात आहे, साधारण 208 चौरस किलोमीटर. शहर म्हणावं तर नगरपालिका आहे, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलात तरी चहा प्यायची वेळ येत नाही. बाजार, मशीद, देवळं, लूर्दच्या मातेची इगर्ज, पोलीस प्रशिक्षण केंद्र, बसस्थानक. बसस्थानकावर उतरलात की पहिलं काम भाजी-पाव खाणे. हे अभ्यासात मोडत नाही, तरी करा.

नेहमीची यादी अशी: पावसाळ्यात उस्ते ते सोनाळ या पट्ट्यात म्हादईवर राफ्टिंग, हिवरे, चरावणे, पाली इथले धबधबे, जवळच बोंडला. धबधब्यांवर माणसं बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात आणि अभयारण्यातल्या प्रवेशावर निर्बंध असतात, म्हणून निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करणं आलंच. जळवांसाठी मीठ न्या. झालं धबधब्यांचं.

आता मी का गेले ते. माझं गाव करमळी, तिसवाडीतलं. रेल्वे स्टेशनमुळे नाव सगळ्यांना माहीत असतं, गाव फार कुणी पाहिलेलं नसतं. पहिल्या वर्षाला वर्गात माझ्या शेजारी सत्तरीची एक मुलगी बसायची. मी करमळीची हे कळल्यावर ती सहज म्हणाली, "तुमचा ब्रह्मदेव आमच्याकडे आहे, ठाऊक आहे ना?" मला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं त्या गावात राहून, दर रविवारी मिसाला जाऊन, सांजांवाला विहिरीत उड्या मारणारी पोरं बघून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी हसले आणि विषय बदलला. पण घरी जाऊन शामायला विचारलं. ती म्हणाली, "आसतलो. आदीं सगळेच देव हांगा आसले."

तर गोष्ट अशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडीतली देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा करमळीच्या लोकांनी ब्रह्मदेवाची मूर्ती उचलली आणि सत्तरीच्या रानात नेली. जिथे नेली त्या ठिकाणालाही मग करमळीच नाव पडलं. आजचं ब्रह्मकरमळी ते हेच, वाळपईपासून सुमारे 7 किलोमीटरवर. तिसवाडी हे बेट, चारी बाजूंनी पाणी. म्हणजे ही दगडी मूर्ती कधीतरी होडीत बसली असणार. आणि पलीकडचा मुलूख तेव्हा आदिलशाहीचा. कॅथलिक राजवटीतून निघालेला हिंदू देव विजापूरच्या सुलतानाच्या हद्दीत आसऱ्याला गेला. इतिहासाच्या पेपरात हे तीन वेगवेगळ्या धड्यांत येतं, म्हणून लक्षात येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून मी तिथे गेले. रस्ता काजूच्या बागांतून जातो, मध्ये कुळागरं. देऊळ मोठं नाही. आतली मूर्ती मात्र बघत राहावी अशी. कदंबांच्या काळातली, साधारण बाराव्या शतकातली मानतात. ब्रह्मदेवाला चार मुखं, समोरून तीन दिसतात, मधल्या मुखाला दाढी. भारतात ब्रह्मदेवाची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, असं आपण ऐकतो. त्यातलं एक आपल्या बसच्या तिकिटात आहे.

मी दारात थांबले. गळ्यात खुरीस होता. तो ड्रेसच्या आत टाकावा की बाहेर राहू द्यावा, हे मला ठरवता येईना. आत टाकला तर लपवल्यासारखं, बाहेर ठेवला तर मिरवल्यासारखं. ज्यांच्यामुळे हा देव घर सोडून आला त्यांचा धर्म माझा आहे, आणि ज्यांनी तो उचलून आणला ते बहुतेक माझ्याच पूर्वजांचे शेजारी, कदाचित भाऊही असतील. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

ओसरीवर एक आजोबा बसले होते. "खंयची गो तूं?" मी म्हटलं, "करमळेंची." "खंयच्या करमळेंची?" "पोरन्या." ते माझ्याकडे बघत राहिले. आता काहीतरी ऐकावं लागणार असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "तें तळें आसा मरे अजून?"

करमळीचं तळं. आमच्या घरामागून दिसतं. ते आहे, हिवाळ्यात बदकं येतात, एवढं मी सांगितलं. आजोबा स्वतः कधी करमळीला गेले नव्हते. तळ्याचं त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. मग त्यांनी अवेळी पावसाने काजूचा मोहोर गळाल्याचं सांगितलं, आणि बराच वेळ तेच सांगत राहिले. निघताना हातावर साखर ठेवली. मी खाल्ली. खुरीस बाहेरच होता, असं नंतर मैत्रीण म्हणाली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इथे जाण्याचं कारण आणखी एक आहे. आपण फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण शिकतो: 1616 साली रायतूरला छापलेलं, ओवीबद्ध, मराठी भाषा पण लिपी रोमन. परीक्षेत आपण लिहितो की नव्या ख्रिस्ती लोकांची पुराण ऐकण्याची सवय ओळखून ते रचलं. ती सवय म्हणजे नेमकं काय, हे मला पुस्तकात कळलं नव्हतं. सत्तरीत शिगम्याच्या दिवसांत रणमाले होतं. रामायण-महाभारतातले प्रसंग, गाणारे मागे ओळीने उभे राहतात, तीच पडद्याची जागा. त्यांच्या गाण्यांना जत म्हणतात. मैत्रिणीच्या घरी तिच्या काकांनी फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा जेवता जेवता सगळं घर गप्प झालं. गोष्ट प्रत्येकाला पाठ होती, तरी गप्प. करमळीच्या लोकांनी देव नेला तेव्हा ही ऐकण्याची भूक काही जणांबरोबर रानात गेली आणि काही जणांबरोबर गावातच राहिली. जी राहिली तिच्यासाठी स्टीफन्सने लिहिलं. हा माझा तर्क आहे, उत्तरपत्रिकेत लिहिताना जपून.

इतिहासवाल्यांसाठी नाणूसचा किल्ला. आज फार काही उरलेलं नाही, दगड आणि झाडी. पण दीपाजी राणे यांनी 26 जानेवारी 1852 रोजी तो घेतला आणि पोर्तुगिजांविरुद्धचं बंड 1855 पर्यंत चाललं. तारीख वाचून सगळेच दचकतात. 1895 सालचं बंड मला जास्त नाट्यमय वाटतं: मोझांबिकला पाठवायला निघालेल्या शिपायांनी समुद्र ओलांडायला नकार दिला, नाणूसला येऊन बसले, आणि मग दादा राणे त्यांना मिळाले. यावर एकांकिका लिहायला मंडळात कुणी तयार असेल तर मी सोबत आहे.

वेळ उरला तर केरीकडे जा, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. तिथलं अंजुणे धरण सुंदर दिसतं आणि त्याच्या पाण्याखाली अंजुण्यासकट काही गावं आहेत. जिथे लोक देव घेऊन आसऱ्याला आले, तिथल्याच लोकांना पुढे उठावं लागलं. म्हणून 2021 च्या जानेवारीत मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून लोक रस्त्यावर उतरले तेव्हा मला ते नुसतं राजकारण वाटलं नाही. शेवटी सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला. त्याच्या एक वर्ष आधी गोळावलीत चार वाघ विषबाधेने मेले, एक वाघीण आणि तीन बछडे. 2023 च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायचा आदेश दिला. मैत्रिणीच्या घरी वाघाचा विषय काढला तर जेवण थंड होतं. तिची आई म्हणाली, "वाघ रानाचो, आमी खंयचीं?" मी वाघांच्या बाजूची आहे, पण त्या पाटावर बसून ते बोलणं जमलं नाही. गेलात तर ऐका, वाद घालायची घाई करू नका.

जायचं कसं: पणजीहून साखळी, होंडा करत वाळपई. साखळीला बस बदलावी लागली तर तिथेही भाजी-पाव मिळतो. देवळात जाताना पोशाख साधा, फोटो विचारून. ब्रह्मकरमळीला बस कमी, म्हणून स्कूटर किंवा गटाने रिक्षा ठरवलेली बरी. संध्याकाळी परतीच्या बसची वेळ वाळपईत उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा. मी विचारली नव्हती आणि मैत्रिणीच्या भावाला मला होंड्यापर्यंत सोडावं लागलं.

क्षेत्रभेट ठरली तर मी करमळीच्या तळ्याचा फोटो मोठा छापून आणणार आहे, बदकं असतील तेव्हाचा. आजोबांना द्यायचाय.