काचेतील समुद्र

गोदावरीकाठच्या नांदेडहून किंवा मांजरेच्या खोऱ्यातील लातूरहून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथील पुष्कळ मुलांनी तो पाहिलाही नसेल. परंतु पोवळे हा शब्द त्यांच्या परिचयाचा असतो. जुन्या दागिन्यांत लाल पोवळ्यांचे मणी ओवलेले असतात. हे पोवळे म्हणजे खाणीतील रत्न नव्हे. एका सागरी प्राण्याने रचलेला तो सांगाडा होय. याच प्राण्याचे दूरचे भाऊबंद उबदार व उथळ समुद्रात मोठमोठे खडक बांधतात. त्यांस प्रवाळ असेही म्हणतात.

हा प्राणी इवलासा असतो. त्याचे शरीर म्हणजे जणू एक पिशवी. तिच्या तोंडाभोवती मऊ स्पर्शिकांचे कडे असते. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन तो आपल्या बुडाशी कठीण घर बांधतो. त्याच्या कायेत अतिसूक्ष्म शैवाल वस्ती करून असते. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ते अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानास देते. प्राणी आसरा देतो, शैवाल अन्न देते. असा हा शेजारधर्म आहे.

कित्येक देशांतील हौशी लोक काचेच्या पात्रात प्रवाळ वाढवितात. त्यांत पेल्यासारखा किंवा बशीसारखा पसरणारा एक प्रकार फार रंगीत असतो. इंग्रजीत त्यास चॅलिस म्हणतात. तो सांभाळणे सोपे नाही. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असावे लागतात. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस एवढेच उबदार हवे. उजेड सौम्य हवा. प्रखर दिव्याखाली हा प्रवाळ फिका पडतो. पाणी हलते हवे, नाहीतर त्याच्या पसरट अंगावर गाळ साचतो. रात्री तो लांब स्पर्शिका बाहेर काढतो व शेजाऱ्यास दंश करतो. म्हणून त्याच्याभोवती मोकळी जागा ठेवावी लागते.

लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो. तेथे असे पात्र ठेवले तर काय होईल? पाणी तापेल आणि वाफ होऊन आटूही लागेल. वाफेबरोबर मीठ जात नाही. म्हणून उरलेले पाणी अधिक खारट होईल. ते पूर्ववत करण्यासाठी रोज गोडे, शुद्ध पाणीच घालावे लागेल. समुद्र जे सहज करतो, ते माणसास रात्रंदिवस राबून करावे लागते.

परंतु आता समुद्रासही ते साधेनासे झाले आहे. पाणी काही आठवडे नेहमीच्या उन्हाळ्याहून अवघे एक अंश अधिक तापले, तरी प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकतो. मग त्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. ताप लवकर ओसरला नाही, तर तो उपासमारीने मरतो. २०१५ साली प्रशांत महासागर फार तापला होता. या घटनेस एल निनो म्हणतात. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस कमी पडला, त्याचे हेही एक कारण होते. मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. त्याच वर्षी लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडली. घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलास ते ठाऊक नव्हते. पण त्याची तहान आणि पोवळ्याची उपासमार यांचा एकमेकींशी संबंध होता.

आपल्या महाराष्ट्रातही मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य स्थापन झाले. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना आपल्या देशात कायद्याचे संरक्षण आहे. ते तोडणे वा विकणे गुन्हा आहे. म्हणून त्यांचे खरे संगोपन काचेच्या पात्रात नव्हे, तर समुद्रातच झाले पाहिजे. समुद्र दूर असला, तरी आपल्या शेतावर बरसणारा मेघ तेथूनच येतो, हे आपण विसरता कामा नये.

शब्दार्थ : स्पर्शिका – भक्ष्य पकडण्याचे धाग्यासारखे अवयव. शैवाल – पाण्यात वाढणारी साधी वनस्पती. संगोपन – सांभाळ.

अभ्यास
१. प्रवाळ व शैवाल एकमेकांस कोणते साहाय्य करतात?
२. पात्रातील पाणी आटल्यावर त्यात खारे पाणी का घालू नये?
३. २०१६ साली लातुरात व लक्षद्वीपात काय घडले? त्यांतील संबंध आपल्या शब्दांत सांगा.