दप्तर डिझाइन करायचंय, मग शोधनिबंध कशाला वाचायचा?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत नववीच्या मुलांना डिझाइन शिकवते. यंदा ‘पाठीला त्रास न देणारं दप्तर’ हा प्रकल्प घेतला आहे. ‘आधी संशोधन करा’ म्हटलं, की मुलं नेटवरचे पहिले दोन परिच्छेद वहीत उतरवतात आणि लगेच चित्र काढायला घेतात. उतरवलेल्या मजकुराचा चित्राशी काही संबंध नसतो. या वयाच्या मुलांना खरे शोधनिबंध वाचायला देता येतात का? आणि दिले, तर त्यांच्या डिझाइनमध्ये काही फरक पडतो का?
— एक शिक्षिका

उत्तर : दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘हो’ आहे, आणि तुम्ही निवडलेल्या दप्तराच्याच आधाराने ते सांगतो.

मुलांनी वहीत काय उतरवलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. जड दप्तराने मुलांची पाठ दुखते. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं. तसा २००६ चा कायदाच आहे. ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली, की सारखीच भक्कम वाटतात. पण पहिलं वाक्य संशोधनाचं, दुसरं धोरणाचं आणि तिसरं कायद्याचं आहे. प्रत्येकाचा खरेखोटेपणा तपासायची जागा वेगळी. म्हणून वाचनाची पहिली सवय लावायची ती एका प्रश्नाची : हे कोण म्हणतं, आणि त्याला हे कसं कळलं?

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करा. २००६ मध्ये दप्तराच्या वजनाबाबत राज्यसभेत आलं होतं ते विधेयक. त्याचा कायदा झालाच नाही. तरीही कितीतरी बातम्यांमध्ये त्याचा ‘कायदा’ असा उल्लेख सापडतो, कारण एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उचललं. ही चूक त्याच पानावर कितीही वेळ डोळे लावून बसलं तरी दिसत नाही. पान सोडून दुसरीकडे जावं लागतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी नेमकं हेच तपासलं. १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी, अशा ४५ जणांना त्यांनी काही संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा दिलेल्याच पानावर रेंगाळले आणि त्याच्या देखण्या मांडणीला भुलले. तपासनीस मात्र लगेच त्या पानाबाहेर पडले, इतर लोक त्या संकेतस्थळामागच्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते पाहून आले, आणि कमी वेळात अधिक अचूक ठरले. नववीच्या मुलांना हे एका तासात शिकवता येतं. ‘कायदा की विधेयक?’ हा शोध त्यांच्यावरच सोपवा.

आता १० टक्क्यांचं वाक्य. ते खरं आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ही मर्यादा घातली आणि केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तीच आहे. ४५ किलोच्या मुलाला साडेचार किलो. पण ही शासनाने आखलेली रेघ आहे. तिच्याखाली पाठ सुरक्षित आणि तिच्यावर धोका, असं कुणी मोजून सिद्ध केलंय का, हा वेगळा प्रश्न. तो मुलांच्या तोंडून आला, की शोधनिबंध वाचायची वेळ झाली असं समजा.

त्यासाठी एकच निबंध निवडा. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०१८ मध्ये दप्तर आणि पाठदुखी यांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ६९ अभ्यास, ७२ हजारांवर मुलं. निष्कर्ष असा, की दप्तराच्या वजनामुळे किंवा रचनेमुळे मुलांची पाठ दुखू लागते, असा खात्रीलायक पुरावा मिळत नाही. दप्तर जड ‘वाटणं’ किंवा ते वाहताना त्रास होणं, याचा मात्र दुखण्याशी काही संबंध आढळला.

इथे प्रकल्पच बदलतो. ‘वजन कमी कसं करू?’ एवढाच विचार करणारा गट आता ‘दप्तर जड कशाने वाटतं?’ असं विचारू लागेल. पट्टा खांद्यात रुततो का? वजन पाठीपासून लांब लोंबतं का? जिना चढताना हिंदकळतं का? याची उत्तरं कुठल्याही निबंधात आयती मिळणार नाहीत. मुलांना वर्गात वजनकाटा आणून, एकमेकांना विचारून ती शोधावी लागतील. पुरावा नाही म्हणजे ओझं कितीही चालेल, असा अर्थ कुणी काढला, तर तिथेही थांबवा. पुरावा न सापडणं आणि धोका नसणं यांत अंतर आहे, हे नववीत कळलं तर ते जन्मभर उपयोगी पडतं.

राहिला प्रश्न वाचायचं कसं. एस. केशव या संगणकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये शोधनिबंध तीन फेऱ्यांत वाचायची रीत मांडली. तुमच्या वर्गाला पहिली फेरी पुरे : शीर्षक, गोषवारा, प्रस्तावना, उपशीर्षकं, निष्कर्ष. केशव यासाठी पाच-दहा मिनिटं धरतात, तुम्ही दोन तास द्या. भाषा इंग्रजी आहे, म्हणून गोषवाऱ्याचं एकेक वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांकडून ते त्यांच्या बोलीत सांगून घ्या. ‘आजीला सांगितलंस तर तिला कळेल का?’ ही कसोटी ठेवा.

वहीत चार रकाने आखा : काय म्हणतात, कसं तपासलं, किती खात्रीने म्हणतात, आणि म्हणून आमच्या दप्तरात काय बदलेल. चौथा रकाना रिकामा राहिला, तर ते वाचन अजून डिझाइनपर्यंत पोचलेलं नाही. चित्रातल्या प्रत्येक पट्ट्याला, कप्प्याला या रकान्यातलं किंवा स्वतःच्या मोजमापातलं कारण जोडायला सांगा. उतारे उतरवणं आपोआप थांबेल, कारण उताऱ्याने चौथा रकाना भरत नाही.

एक शेवटची गोष्ट. लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल कळकळीने भाषण केलं होतं. पुढे १९९२ मध्ये याच प्रश्नावर शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९९३ च्या अहवालात सांगितलं, की दप्तराच्या वजनापेक्षाही न समजता शिकण्याचं ओझं मुलांना अधिक घातक आहे. न समजता वहीत उतरवलेले ते दोन परिच्छेद म्हणजे तेच ओझं. तेव्हा या सत्रात दहा लेख देऊ नका. एकच द्या, आणि तो पुरता समजेपर्यंत मुलांसोबत बसा.