माहेरचं अंतर तासांत मोज

अगं, तारिहाळला बिऱ्हाड थाटलंस आणि हुबळीच्या गोकुळ रोडचा विमानतळ इतका जवळ आला, याचा तुला झालेला आनंद मला कळतो. माहेर कोल्हापूरला, मावशी बेळगावात, भाऊ पुण्यात. बॅग उचलायची की निघायचं, असं तुला वाटतंय. म्हणूनच थोडं सांगते, मनावर घे.

हुबळीहून बेळगावचा सांबरा विमानतळ सरळ रेषेत साधारण 75 किलोमीटर, तर कोल्हापूरची उजळाईवाडी 165 ते 170. लहान मार्गांवरचं एटीआर विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या हिशेबाने सांबरा नऊ मिनिटांवर आणि उजळाईवाडी वीस मिनिटांवर! या हिशेबावर विसंबू नकोस. विमानाला धावपट्टीपर्यंत जायचं असतं, उंची गाठायची असते, मग वेग कमी करत, वळण घेत उतरायचं असतं. त्यात अर्धा तास सहज जातो, आणि गाव जवळ आहे म्हणून तो काही कमी होत नाही. त्याआधी तपासणी, सामान आणि तासभर आधीच बंद होणारा काउंटर आहेच.

शिवाय दोन लहान विमानतळांमध्ये थेट विमान नसेल, तर मोबाइल तुला बेंगळुरूवरून जायला सांगेल. उत्तरेला माहेर असताना आधी दक्षिणेला कशाला जायचं? लहान गावांचे मार्ग 2017 पासून 'उडान' योजनेमुळे वाढले खरे, पण त्यांना मिळणारं अनुदान साधारण तीन वर्षांचं असतं. ते संपल्यावर काही मार्ग बंदही पडतात. म्हणून मागच्या वर्षी कुणी विमानाने गेलं होतं, एवढ्यावर बेत आखू नकोस. त्या दिवशी विमान आहे का, ते आधी बघ.

बेळगावला जायचं तर धारवाड, कित्तूरवरून महामार्गाने जा. शंभरेक किलोमीटर आहे, दोन तासांत मावशीच्या दारात पोचशील. कोल्हापूर दोनशेच्या आसपास, चार तास धर. पुण्याचं मात्र वेगळं. हवाई अंतर पावणेचारशेच्या घरात आणि थेट विमान असेल तर उड्डाण तासाभराचं. तारिहाळहून निघणं, तपासणी आणि लोहगाव विमानतळाहून घर गाठणं धरलं, तरी चार तासांत काम होतं. 2024 मध्ये सुरू झालेली हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाव, मिरजेवरून साडेआठ तास घेते. घाई असेल तर विमान, सामान आणि मुलं सोबत असतील तर गाडी.

आणखी एक, पावसाळ्यात ढग खाली उतरले की विमान दुसरीकडे वळवावं लागतं. लहान विमानतळावर दिवसाला एखादंच विमान असेल, तर चुकलेला प्रवास थेट दुसऱ्या दिवसावर जातो. लग्नाच्या मुहूर्ताला किंवा दवाखान्याच्या वेळेला जायचं असेल, तर आदल्या दिवशीच नीघ. बस आणि रेल्वेच्या वेळा फोनमध्ये लिहून ठेव, भरवशाच्या गाडीवाल्याचा नंबरही.

आईला बरं नाही असा फोन आला की माणूस गडबडतो आणि दिसेल ते तिकीट काढतो. तेव्हा विमान किती वाजता सुटतं, हे आधी विचारू नकोस. आईच्या उशाशी मी किती वाजता पोचेन, हे विचार, आणि ज्या वाटेने लवकर पोचशील त्या वाटेने नीघ.