कानात शिट्टी वाजते तेव्हा
"डॉक्टर, गोव्याहून आल्यापासून कानात शिट्टी वाजतेय," एक तरुण सांगत आला. उघड्या मैदानावर ट्रान्स संगीताच्या तालावर तो स्पीकरजवळ तीन तास नाचला होता. नंतर आठवडाभर घरच्यांनी कानात तेल घातले!

मिनिटाला १४० च्या आसपास ठोके अखंड चालतात. कानाला विसावा नाही. ८५ डेसिबल आवाजाला आठ तासांची मर्यादा सांगतात, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटांची. अंतर्कर्णातील केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

स्पीकरपासून दूर राहा, फोमचे बोळे वापरा (कापूस पुरत नाही), अधूनमधून बाहेर या. शिट्टी दोन दिवसांत थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ऐकू कमी आले, तर त्याच दिवशी. या तरुणाचा आठवडा तेलातच गेला.